राहिल्या फर्माईशी

सोमवार, ४ फेब्रुवारी २००८, सिंदेवाही

पोचलो बापा एकदाचे! चंद्रपूरहून सकाळची बस पकडली. मूल गावी ती अर्धा तास थांबली, तेवढ्यात रूहीनं दोन समोसे आणि माझं डोकं खाल्लं. पाच वर्षांची पोट्टी, पण प्रश्न वकिलाचे. पळस लाल काऊन, माकडाची अंगणवाडी कुठी असते, नव्या घरी आरसा आहे काय. आरसा आहे. बशीरचाचांनी मुद्दाम खाली, तिच्या उंचीवर ठोकून ठेवला होता. मला तिथेच रडू येत होतं, पण म्हटलं पहिल्याच दिवशी नको.

बशीरचाचा म्हणजे अब्बांचे जुने दोस्त. बस स्टँडच्या मागे त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. आता रेडिओ कोण दुरुस्त करायला आणतं? समोर मोबाइलचे चार्जर टांगलेले, आणि मागच्या फळ्यांवर गाण्यांच्या तीन हजार जुन्या तबकड्या. मुलगा जुबेर मस्कतला असतो. त्यानं दोन वर्षांपूर्वी या तबकड्यांचं इंटरनेटवरचं रेडिओ स्टेशन काढून दिलं. नाव मोहफूल रेडिओ. दुकानावर दोन खोल्या आहेत. एकीत कॉम्प्युटर, माइक आणि तबकडीचं मशीन, दुसरीत मी आणि रूही. आधी निवेदन करणाऱ्या मुलीचं लग्न झालं, म्हणून माझा नंबर लागला.

रूहीचे अब्बू जाऊन दोन वर्षं झाली. माहेरी कोणी काही बोलत नाही, पण जेवून ताट उचलायची घाई मलाच व्हायची. इथे माझं काम आहे, माझी खोली आहे, माझी पोरगी आहे. अजून काय पाहिजे एका बाईला?

घरी आम्ही हिंदी बोलतो, पण रोजनिशी मराठीतच लिहिणार. शाळेत मराठीच्या बाईंनी माझ्या निबंधावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'झाडीबोलीचा वास येतो.' येऊ दे म्हणा.

बुधवार, ६ फेब्रुवारी

काम समजलं. दर शुक्रवारी 'आगामी कार्यक्रम' हे पान तयार करायचं आणि स्टेशनच्या वेबसाइटवर लावायचं. सोमवारी सकाळी भक्तिगीतं, मंगळवारी नाट्यपदं, बुधवारी कव्वाल्या, गुरुवारी लावण्या. शुक्रवारी अशा गायिका, ज्यांची नावं तबकडीवरून पुसून गेली आहेत. शनिवारी झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी. रविवारी दुपारी दोनची जागा रिकामी आहे. तिथे काहीतरी नवं शोध, असं चाचांनी मलाच सांगितलं. केवढा विश्वास!

लोडशेडिंगचा भरवसा नाही, म्हणून निवेदन शुक्रवारीच रेकॉर्ड करतात, गाण्याला जोडतात आणि जुबेरच्या मस्कतच्या मशीनवर चढवून ठेवतात. वेळ झाली की ते आपोआप लागतं. इथली लाइट असो की नसो. चाचांचा कायदा एकच, पानावर लागलं ते वाजलंच पाहिजे. कोणी परदेशात घड्याळ लावून बसलं असते, त्याले काऊन फसवाचं, म्हणतात.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात 'सध्या ऐकणारे' असा आकडा दिसतो. आज आठ होते. चाचांना आठही जण नावानिशी पाठ. एक जुबेर, एक जुबेरच्या खोलीतला केरळचा पोरगा, एक वरोऱ्याचा डॉक्टर जो आता विलायतेत आहे, असे. मला हसू आलं. आठ माणसांसाठी एवढा थाट! पण माइकसमोर बसायच्या आधी मी दोनदा वेणी घातली, ते काही मी चाचांना सांगितलं नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

रविवारचा कार्यक्रम सापडला! सापडला म्हणजे अक्षरशः सापडला. भंगारातल्या रेडिओंच्या मागे पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. आत तीन पोस्टकार्डं. रेडिओ केंद्राला पाठवायच्या फर्माईशी, लिहून तयार, पण पेटीत कधी पडल्याच नाहीत. खाली तारखा १९७४ च्या. 'तलावपार रेडिओ श्रोता संघ, मु. सिंदेवाही.' तिन्ही कार्डांवर एकाच गाण्याची मागणी, एका विसरलेल्या गायिकेचं अंगाईगीत. आणि खाली अकरा नावं. झाडू, बुधरी, सौ. इंदुताई, असं करत करत शेवटी चि. इसरू. अक्षर काय सुरेख, मोत्याचं.

अब्बाही असंच करायचे. गाणं एक आणि नावं पंधरा. गल्लीतली पोरं, पाव्हणे, एकदा तर बकरीचंही नाव घातलं होतं. नावं जितकी जास्त तितकी फर्माईश वजनदार, असं तेव्हा सगळेच मानायचे. रेडिओवर आपलं नाव ऐकायला अख्खा मोहल्ला कान लावून बसायचा.

डब्याच्या झाकणाला आतून संघाचे नियम चिकटवलेत. सगळ्यांनी मिळून ऐकायचं. एकदा लिहिलेलं नाव खोडायचं नाही, वाढवायचं असेल तर वाढवावं. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव लिहू नये. मी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो.

हा डबा कुणाचा, चाचांना आठवत नाही. ते ऐंशी साली वरोऱ्याहून इथे आले, दुकानासोबत आतलं भंगारही घेतलं असेल म्हणाले. चाचांची बेगम नूरीचाची, तिचं मत पडलं की दुसऱ्याच्या डब्यात हात घालू नये. पण मी कशाला ऐकते! कार्यक्रमाचं नावही ठेवून टाकलं, राहिल्या फर्माईशी. आणि ते अंगाईगीत चाचांच्या फळीवर निघालं, बोला आता. तबकडीला एक चीर आहे, म्हणून दर फेऱ्याला टक असा आवाज येतो. तो तसाच राहू द्यायचा असं आम्ही ठरवलं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

पान लावलं. 'रविवार १७, दुपारी २. राहिल्या फर्माईशी. चौतीस वर्षं वाट पाहणाऱ्या श्रोत्यांसाठी.' चाचांनी दोनदा वाचलं आणि शाबासकी दिली.

सकाळी भाजीवाली मंगलीबाई आली होती. वांगी दिली, सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुकट दिला आणि विचारलं की आपलंही नाव रेडिओत येते काय. जलमात कोनं माझं नाव घेतलं नाई मोठ्यानं, म्हणाली. मग मी पेन काढलं आणि पहिल्या कार्डावरच अकरा नावांखाली बारावं लिहून टाकलं, मंगलीबाई. रेकॉर्ड करताना तिचं नाव जरा लांबवून घेतलं. बाई खुश तर मी खुश.

रविवार, १७ फेब्रुवारी

झकास झालं! दोन वाजता आकडा आठ होता. मी अकरा नावं वाचली, म्हणजे माझ्या आवाजात ती वाजली, तोवर आकडा एकोणीस! चाचा खुर्चीवरून उठून उभे राहिले. रूही टाळ्या वाजवत नाचली. गाणं संपेपर्यंत एकही जण गेला नाही. शेवटी वीस झाले होते.

एक छोटीशी गोष्ट लिहून ठेवते. काल मंगलीबाई वांगी मोजता मोजता हेच गाणं गुणगुणत होती. मी ते अजून रेडिओवर लावलंच नव्हतं, आणि तबकडी तर खोलीबाहेर गेली नाही. लहानपणी कुठे ऐकलं असेल.

सोमवार, १८ फेब्रुवारी

मंगलीबाई गेली.

काल दुपारी गावामागच्या मोठ्या तलावात. भाजीची टोपली पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नीट ठेवलेली होती, वर ओलं फडकं झाकलेलं. पाय घसरला असेल म्हणतात. पण तिचा रस्ता तिकडून नाहीच. मासे धरणाऱ्या ढिवरांनी सकाळी काढलं. नूरीचाची रडत होती, मीही रडले. तिनं आपलं नाव ऐकलं असेल काय? तिच्याकडे तर रेडिओही नाही, कॉम्प्युटर दूरची गोष्ट.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

मन लागत नव्हतं, पण काम थांबत नाही. पुढच्या शुक्रवारी चंद्रपूरला मामेबहिणीचं लग्न आहे, म्हणून यावेळी दोन आठवड्यांचं पान एकदम लावलं आणि दोन्ही रविवारचं रेकॉर्डिंगही चढवून टाकलं.

दुसऱ्या कार्डावर चैतूभाऊचं नाव घातलं. हा खालचा चहावाला. आठ दिवसांपासून मागे लागला होता, आणि मंगलीबाईनंतर जरा हसायला बरं म्हणून मीही घातलं.

तिसऱ्या कार्डावर रूही. तिनं तर सकाळपासून कपाळच उठवलं होतं. मंगलीमावशीचं आलं, चैतूमामाचं येणार, माझं काऊन नाई अम्मी, मी का कोणी नाई काय? घे बाई, म्हटलं. चि. इसरूच्या खाली लिहिलं, चि. रूही, आणि वेबसाइटच्या पानावरही टाकलं. तिनं स्वतःच्या बोटानं शाई वाळवली. रेकॉर्ड करताना माझ्या मांडीवर बसली होती, श्वास धरून.

रविवार, २४ फेब्रुवारी

मी जसं घडलं तसं लिहिते.

पावणेदोनला लाइट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू होता, पण नेट नव्हतं. म्हणजे पडद्यावरचा आकडा आठवर अडकून राहायला हवा होता. दोन वाजता तो वीस झाला, तोही माझ्या डोळ्यांसमोर. आठ नेहमीचे आणि बारा. स्पीकरमधून माझा आवाज आला. तो कुठून आला? नेटच नव्हतं.

मी खिडकीतून खाली पाहिलं. चैतूभाऊ चहा ढवळत होता. टक आला की तो पळी भांड्याला वाजवायचा. बरोबर टक, बरोबर त्याच जागी. खाली तर काहीच ऐकू जात नाही. त्याचं नाव आलं. त्यानं पळी ठेवली, गमछ्यानं हात पुसले आणि तलावाच्या रस्त्यानं निघाला. मी वरून हाक मारली. त्यानं मागे न पाहता हात वर केला, येतो म्हणतात ना तसा. दूध उतू गेलं.

मी धावले. अल्ला, मी जीव तोडून धावले. पाळीवर गमछा घडी घालून ठेवला होता.

परत येऊन पाहिलं तर आकडा एकवीस.

सोमवार, २५ फेब्रुवारी

चैतूभाऊच्या मातीला एक म्हातारा आला होता. देवाजीभाऊ. भात संशोधन केंद्रात माळी होता, आता तलावापलीकडे एकटा राहतो. कोणाच्या तरी तोंडून संघाचं नाव त्याच्या कानावर गेलं होतं. तो सरळ दुकानात आला आणि डबा दाखवा म्हणाला. कार्डं हातात घेऊन त्यानं एकेका नावावरून बोट फिरवलं. अक्षर त्याचंच.

त्यानं सांगितलं ते असं. चौऱ्याहत्तर साली गावात स्टेशन नीट लागायचं नाही. तलावापलीकडच्या टेकाडावर स्वच्छ लागायचं. म्हणून दर रविवारी संघ डोंग्यात बसून पलीकडे जायचा, रेडिओ इंदुताईच्या मांडीवर. इंदुताई त्याची बायको. इसरू त्याचा पोरगा, सहा वर्षांचा. त्या रविवारी देवाजीभाऊला ताप होता. पुढच्या तीन रविवारची कार्डं लिहून त्यानं डब्यात ठेवली होती. डोंगा मधोमध पालटला. अकराही गेले. आपलं नाव ऐकायला निघाले होते, ते राह्यलंच बाई, म्हणाला. थेच ऐकत बसले आहेत अजून. ज्याचं नाव त्या कार्डावर आलं, थो त्यायच्यात बसते.

मी त्याला विचारलं, मग तुम्हाला का नाही बोलावलं त्यांनी? लिहिणाऱ्यानं आपलं नाव लिहू नये, हा नियम त्यानंच केला होता. म्हणून त्याचं नाव एकाही कार्डावर नाही. चौतीस वर्षं तो यावर रडतो. मी माझं नाव लिवलं असतं तर माझं पोट्टं बापाच्या हाताला धरून गेलं असतं, म्हणाला. एकलं नसतं गेलं.

मग मी त्याला तिसरं कार्ड दाखवलं. मी त्याचा सदरा धरला, खोडा म्हटलं, तुमचा संघ, तुमचं अक्षर, तुम्ही खोडा! त्यानं खोडलं.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

सकाळी कार्ड पाहिलं. खोडल्याची रेघ नाही. चि. रूही, जसंच्या तसं.

ब्लेडनं खरवडलं. कार्डाला भोक पडलं. नमाज पढून आले तोवर भोक नव्हतं. चुलीत घातलं. डब्यात सापडलं.

वेबसाइटच्या पानावरून तिचं नाव काढते, साठवते, पान पुन्हा उघडते. आहे. अख्खा कार्यक्रम काढला. आहे. 'रविवार २ मार्च, दुपारी २. राहिल्या फर्माईशी.' जुबेरला मस्कतला फोन लावला. त्यानं तिकडून सगळं पुसलं, रेकॉर्डिंगही. त्याच्या पडद्यावर काहीच नाही म्हणतो, आणि ऐकणारे म्हणे कायम आठच होते. शिरीनबाजी, थोडा आराम करा, म्हणाला. प्रेमानंच म्हणाला.

माझ्याच हातानं लिहिलं. नूरीचाची नको म्हणत होती. कोणी जबरदस्ती केली नव्हती, माझीच जीभ, माझंच पेन.

बुधवार, २७ फेब्रुवारी

चाचांनी तबकडी फोडली. आयुष्यात एकही फोडली नव्हती त्यांनी. हातोडीनं तुकडे केले आणि तुकड्यांपाशी बसून लहान पोरासारखे रडले. मग कॉम्प्युटरची वायर काढली, मशीन बंद केलं.

आम्ही दोघं जरा निवांत झालो तर आतल्या खोलीतून आवाज आला. रूही बाहुलीला झोपवत होती. तेच गाणं. मधे मधे जिभेनं टक.

गुरुवार, २८ फेब्रुवारी, चंद्रपूर

तिला घेऊन निघून आले. तलावापासून जितकं लांब तितकं चांगलं. देवाजीभाऊ बस स्टँडवर आला होता. त्यानं रूहीच्या डोक्यावर हात ठेवला. कार्ड मी आणलं नव्हतं. पर्स उघडली तर त्यात आहे.

शुक्रवार, २९ फेब्रुवारी

लग्न. मेंदी, बिर्याणी, सगळे विचारतात तोंड काऊन उतरलं. सायबर कॅफेत जाऊन पान पाहिलं. आहे. कॅफेवाल्याला दाखवलं तर त्यालाही दिसलं, म्हणजे मी वेडी नाही. वेडी असते तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, ही रूही कोण?

अम्मीनं मौलानाकडून ताविज आणला. रूहीच्या गळ्यात बांधला. ती गात होती.

शनिवार, १ मार्च

दुपारी दोनला रूही दिसेना. लग्नघर, शंभर माणसं, आणि कोणालाच ठाऊक नाही. मागच्या अंगणात पाण्याचा हौद आहे. काठावर उभी होती. चपला काढून जोडीनं नीट ठेवलेल्या. मी उचलून घेतली तर रागावली माझ्यावर. म्हणाली, आज नाई अम्मी, आज मी फक्त पाहून राह्यली होती. उद्याच आहे.

पाणी कुठे नाही? कुठे घेऊन जाऊ हिला?

उद्या पहिल्या बसनं परत जाणार. तिथे ती खोली तरी वर आहे. दार आहे, कुलूप आहे. चाचा आहेत. दोन वाजता मी हिला मिठीत धरून बसेन. एका गाण्यापुरतं धरायचं आहे. तीन मिनिटं. आई तीन मिनिटं धरू शकत नाही काय?

रविवार, २ मार्च, सिंदेवाही

१२.३०
खोलीत आहोत. मधल्या दारातून कॉम्प्युटर दिसतो. बाहेर जिन्यावर चाचा आणि देवाजीभाऊ. दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. खोलीत पाणी ठेवलं नाही, प्यायचंसुद्धा नाही. ओढणीनं तिचं मनगट माझ्या मनगटाला बांधलं आहे. उजव्या हातानं लिहिते. लिहिलं नाही तर ओरडेन.

१.१५
खेळते आहे. मला आरशासमोर वेणी घालायला लावली. नीट घाल म्हणाली, तिथी सगळे आहेत.

१.४०
पडदा लागला. कॉम्प्युटरची वायर भिंतीपाशी पडली आहे, मी पाहते आहे ती. पडदा लागला. सध्या ऐकणारे १३. अकरा आणि दोन.
चाचांना हाक मारली. उत्तर नाही. चाचा! देवाजीभाऊ!— जिन्यावरून कोणी बोलत नाही. गुणगुणल्यासारखं—

१.४८
कुलूप टेबलावर आहे. उघडं. किल्ली माझ्या गळ्यात आहे.
दार लोटून पाहिलं. दोघं जिन्यावर बसले आहेत, भिंतीला टेकून, डोळे उघडे. हलवलं. हलत नाहीत. श्वास चालू आहे. मधे मधे जिभेनं—

१.५१
ओढणीची गाठ सुटली. मी बांधली. सुटली. मी परत—

तिला विचारलं, कुठे जायचं बेटा? तिनं मला समजावलं, मी लहान असल्यासारखं. तिथी सगळे ओळीनं बसले आहेत. इसरूच्या बाजूला माझी जागा धरून ठेवली आहे. मी येते, म्हटलं तर म्हणाली, तुझी नाई अम्मी. तुझी जागा नाई म्हणतात.

१.५४
खोडायचं नाही.
वाढवायचं असेल तर—

देवाजीभाऊ चौतीस वर्षं रडला.

१.५६
कार्ड घेतलं. चि. रूही, त्याच्या खाली लिहिलं. माझं. पानावरही टाकलं. एका क्षणात लागलं. रूहीचं नाव काढायला चार दिवस मेले मी, आणि हे एका क्षणात—

रूही हसली. आता आहे, म्हणाली. माझ्या बाजूला.

अम्मी, तुझ्या शिरीनला माफ कर. नूरीचाचीला सांगा आरसा काढू नका तो

२.००
माझा आवाज. किती खुश आहे ही बाई. किती खुश होते मी. झाडू, बुधरी, सौ. इंदुताई— टक— मंगलीबाई, चैतूभाऊ— हे मी या कार्डावर वाचलं नव्हतं— चि. इसरू— टक—

हिनं चपला घातल्या. माझं बोट धरलं आहे, घट्ट, गरम हात आहे, सोडणार नाही मी, काहीही झालं तरी— चि. रूही—

आणि रूहीची अम्मी, शिरी